०.२ मिमीची फट आणि आठ हजार व्होल्ट : प्रकल्प नोंदी

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा चुलतभाऊ लाइनमन आहे. त्याच्या उपकेंद्रात तेलाचे जुने ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारे स्विच) जाऊन व्हॅक्यूमचे आले, तेव्हा त्याने मला विचारलं, "दादा, आधीच्या ब्रेकरमध्ये येवढं तेल लागे. याच्या बाटलीत तर काहीच नाही, अन् काँटॅक्ट जेमतेम सेंटिमीटरभर उघडते. तरी अकरा हजाराची आर्क काहून नाही राहत?" पुस्तकातलं उत्तर मी दिलं. पण निर्वातात दोन धातूंच्या मध्ये ठिणगी कधी पडते आणि कधी नाही, हे मी स्वतः कधीच पाहिलेलं नव्हतं. तिथून हे काम सुरू झालं.

कोणी असंच काही करणार असेल तर आधी दोन गोष्टी वाचा. हा व्होल्टेज जीव घेऊ शकतो. वीज बंद केल्यावरही अर्थिंगची काडी लावल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही, आणि विद्यार्थ्यांना खोलीत येऊ देत नाही. दुसरं म्हणजे, निर्वातात वेगाने धातूवर आदळणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण देतात. म्हणून मी १२ केव्हीच्या (बारा हजार व्होल्टच्या) वर जायचं नाही असं ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं. तेवढ्यावर निघणारे किरण मऊ असतात, पाच मिमी जाडीची काच ते अडवते. टीव्हीच्या रंगीत पिक्चर ट्यूबचा ईएचटी (ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा भाग) पंचवीस केव्हीपर्यंत जातो, तो या कामाला वापरू नका.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला, आज सुरुवात. नागपूरहून बोरोसिलिकेट काचेची जाड नळी आणली : आतला व्यास १० सेमी, लांबी १५ सेमी, काच ५ मिमी, १४०० रुपये. दोन्ही टोकांना १२ मिमी जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटी. लेथवाल्या काकांनी त्यात ओ-रिंगच्या (जोड हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यांच्या) खाचा काढून दिल्या. खालची प्लेट अर्थला, वरची व्होल्टेजला, मध्ये काच. प्रत्येक प्लेटच्या मध्यातून एक दांडा आत येतो आणि त्याच्या टोकाला २५ मिमी व्यासाची पितळी चकती, कडा गोल केलेली.

पंप म्हणून भंगारातला फ्रिजचा कॉम्प्रेसर लावला. गेजचा काटा खाली टेकला तसं मला वाटलं, झालं व्हॅक्यूम. पण तो काटा वातावरणाच्या मानाने सांगतो. आत एक टक्का हवा उरली काय आणि त्याचाही शंभरावा भाग उरला काय, त्याला फरक कळत नाही. आपल्याला फरक त्याच टोकाला हवा असतो. आठवडा गेला.

२० ऑक्टोबर

एसी-फ्रिजचं काम करणाऱ्या मेकॅनिक भाऊने त्याचा दोन स्टेजचा रोटरी पंप दिला. "थंडीत एसीचं काम नसते सर, पडूनच राह्यते. फक्त फेब्रुवारीच्या मंधात वापस पाह्यजे." भाडं घेतलं नाही. मी ४८०० रुपयांचा डिजिटल मायक्रॉन गेज मागवला. सगळ्या कामातला हा सर्वांत महाग जिन्नस आहे आणि सर्वांत आधी घ्यायला हवा होता. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक टॉर, आणि बाहेरची हवा ७६० टॉर, एवढा हिशेब डोक्यात ठेवला की पुढचं समजतं.

आज गेज ६२० मायक्रॉनवर अडकला. तीन तास पंप चालू ठेवला तरी ६२०.

२७ ऑक्टोबर

गळती सापडली. व्हॉल्व बंद करून पाहिलं तर मिनिटाला दोनशे मायक्रॉन चढत होते. आतल्या भागांतून निघणारा वायू सुरुवातीला झरझर येतो आणि मग मंदावतो. हा चढ मंदावेना, म्हणजे बाहेरची हवा आत येत होती. ब्रशने एकेका जोडावर स्पिरिटचा थेंब लावत गेलो (दारं उघडी ठेवून). वरच्या प्लेटच्या एका जागी थेंब लागताच आकडा उडाला.

उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिलं. ओ-रिंगवर आडवा पडलेला कापसाचा एक तंतू होता. केसाहून बारीक, सेंटिमीटरभर लांब. रबर त्याच्यावर दाबलं गेलं होतं, पण तंतूच्या दोन्ही कडांना जी चिंचोळी जागा उरते, तिथून हवा आत जात होती. यंत्र ज्या खोलीत मांडलं होतं, तिथेच या हंगामाचा वेचलेला कापूस साठवला आहे. तिथे ओ-रिंग उघडी ठेवली की तंतू बसणारच.

सगळं सामान गोठ्याशेजारच्या रिकाम्या खोलीत हलवलं, फरशी ओल्या फडक्याने पुसली. ओ-रिंग बोटाने चाचपून, व्हॅक्यूम ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन बसवली. पहिल्या वेळी गाडीचं ग्रीस लावलं होतं, ते पुसून काढायलाच अर्धा दिवस लागला. संध्याकाळी गेजवर ४१ मायक्रॉन.

१० नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा ईएचटी आणि त्याला चालवणारं सर्किट, दोन्ही मिळून ४५० रुपयांत मिळालं. आत येणारा व्होल्टेज कमी-जास्त केला की बाहेरचा बदलतो.

मोजायला १० मेगाओहमचे शंभर रोध एकामागे एक जोडले, खाली एक मेगाओहमचा एक. म्हणजे एक केव्हीला मीटरवर एक व्होल्ट. शंभर घेण्याचं कारण असं की साधा पाव वॉटचा रोध अडीचशे व्होल्टच्या वर भरवशाचा नसतो.

मग झाकण उघडं ठेवून, साध्या हवेत, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पत्र्याने) दोन चकत्यांत १ मिमी फट ठेवली आणि ठिणगी पाडली. आजच्या तापमानाला आणि आमच्या उंचीला ती ४.१ केव्हीच्या आसपास पडायला हवी. मीटरवर ३.७५ आली. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

दोन दिवस मी फट चुकली म्हणून तीच मोजत बसलो. चूक मीटरमध्ये होती. माझ्या मल्टिमीटरचा आतला रोध १० मेगाओहम आहे. तो खालच्या एक मेगाओहमला समांतर बसतो आणि दोघांचा मिळून ०.९१ होतो. सगळे आकडे नऊ टक्के कमी दिसत होते. समांतर रोध मी दरवर्षी वर्गात शिकवतो, तरी स्वतःच्या मोजणीत मीटर हिशेबात धरला नव्हता. खालचा रोध बदलून १.१ केला आणि ४.१ आलं. हवेतली १ मिमी फट ही फुकटची कसोटी आहे. निर्वातात उतरण्याआधी प्रत्येकाने ती करून घ्यावी.

२४ नोव्हेंबर

मध्ये निवडणुकीची ड्यूटी होती, २० तारखेच्या मतदानात चार दिवस गेले.

आज पहिल्यांदा निर्वातात व्होल्टेज दिला. फट १ मिमी, गेज ४० मायक्रॉन. हवेत ४.१ लागत होते, तर इथे निदान दहा केव्ही तरी टिकतील, या हिशेबाने बसलो होतो.

४३० व्होल्टला पेटलं.

चकत्यांच्या मध्ये मात्र काहीच नव्हतं. तिथे काळोख होता. जांभळट-गुलाबी उजेड पसरला होता चकत्यांच्या मागे, वरच्या प्लेटपासून खालच्या प्लेटपर्यंत, सबंध नळीभर. फट अर्धा मिमी केली, पाव मिमी केली, तरी ४३० च.

१ डिसेंबर

आठवडाभर हेच डोक्यात होतं. हवेतला ठिणगीचा व्होल्टेज नुसत्या अंतरावर ठरत नाही, दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. हे पाशेनने १८८९ मध्ये दाखवलं. त्या गुणाकाराची एक किंमत अशी आहे की जिथे सगळ्यांत कमी व्होल्टेज लागतो. हवेसाठी ती साधारण ०.५७ टॉर-सेंटिमीटर, आणि व्होल्टेज सुमारे ३२७. गुणाकार त्याहून कमी झाला की व्होल्टेज पुन्हा झपाट्याने चढतो, कारण इलेक्ट्रॉनला वाटेत आदळायला रेणूच भेटत नाहीत.

आता माझी नळी बघा. प्लेटी १५ सेमी दूर, दाब ०.०४ टॉर. गुणाकार ०.६. मी नकळत सगळ्यांत सोप्या ठिणगीची नळी बनवली होती! चकत्यांमधल्या मिलीमीटरभर फटीत इलेक्ट्रॉन एखाद्या रेणूला आदळला तर आदळला, नाहीतर सरळ पलीकडे. ४० मायक्रॉनवर दोन टकरींमधलं अंतरच मिलीमीटरच्या वर जातं. म्हणून विजेने जवळची वाट सोडून लांबची धरली. पंप जेवढा देतो तेवढ्या व्हॅक्यूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भेटणार आहे. फट कमी करून काहीही होत नाही.

आज दोन्ही दांड्यांवर काचेच्या नळ्या चढवल्या, प्लेटींच्या आतल्या बाजूला काचेच्या चकत्या ठेवल्या. ४३० चे ९०० झाले. पण कडेला कुठे ना कुठे धातू उघडा राहतोच, आणि उजेड नेमका तिथून निघतो. या वाटेने जायचं तर सबंध नळी नव्या आकाराची करावी लागेल. दुसरी वाट म्हणजे दाब आणखी शंभर पटींनी खाली नेणं. रोटरी पंपाला ते जमणारं नाही.

८ डिसेंबर

वाईट दिवस. दुपारी तीन वाजता लाइट गेली. मी विहिरीवर होतो. रोटरी पंप निर्वात ओढत असताना थांबला की बाहेरची हवा पंपातलं तेल उलटं ढकलते. परत आलो तर नळीत चार बोटं तेल साचलेलं, चकत्या बुडालेल्या, गेजच्या तोंडातही तेल.

मेकॅनिक भाऊ आला, बघून म्हणाला, "सर, लाइन जाते हे तं रोजचंच हाये. पंपाच्या तोंडाशी व्हॉल काहून नाही बसवला?" त्यानेच एसीच्या लाइनचा बॉल व्हॉल्व आणून दिला, ३८० रुपये. आता पंप चालू असताना मी खोली सोडत नाही.

गेज वाचला. बाकी सगळं पेट्रोलने, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरने, शेवटी स्पिरिटने धुतलं. पूर्ण सुकून पुन्हा ४० मायक्रॉनवर यायला नऊ दिवस लागले. पंपाचं तेलही बदललं.

२२ डिसेंबर

पितळ सोडून दिलं. पितळेत जस्त असतं आणि निर्वातात थोडं तापलं तरी ते वाफ होऊन निघतं. काकांनी स्टेनलेस स्टीलच्या दोन चकत्या घडवून दिल्या, ७०० रुपये.

व्हॅक्यूमचा मार्ग अनपेक्षित ठिकाणी दिसला. परवा शेजाऱ्यांची म्हैस माजावर आली म्हणून कृत्रिम रेतन करणारा भाऊ आला होता. त्याने जारचं झाकण उघडलं, पांढरा धूर काठावरून खाली ओघळला, आणि मी बघतच राहिलो. रेतमात्रा ज्यात ठेवतात तो द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश! कोळसा एवढा थंड केला की आजूबाजूची हवा शोषून घेतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स ड्यूअरने याच रीतीने उत्तम निर्वात मिळवला होता. तेव्हा गावात डिफ्यूजन पंप (रोटरीहून खोल निर्वात देणारा पंप) नसला तरी चालण्यासारखं आहे.

मी विचारलं तेव्हा त्याने आधी काडी घालून जारची पातळी पाहिली. नायट्रोजन कमी पडला तर त्याच्या सगळ्या मात्रा वाया जातात, म्हणून गाडी येऊन जार भरला गेला की त्या दिवशीच देईन म्हणाला. दीड लिटरचे दीडशे रुपये.

५ जानेवारी २०२५

तांब्याचा २२ मिमी व्यासाचा पाइप, एक टोक मेकॅनिक भाऊने ब्रेझिंगने बंद केलं. आत पाण्याच्या फिल्टरमधला नारळाच्या करवंटीचा कोळसा, चाळीस ग्रॅम. तो खालच्या प्लेटला जोडला.

सपशेल फसलं. पंप लावला तर गेज ९०० च्या खाली येईना, कारण कोळशाच्या पोटात पाणीच पाणी होतं. घाईने तसाच नायट्रोजनमध्ये बुडवला. थोडा उतरला आणि थांबला. वर झाकण उघडल्यावर खालच्या चकतीवर कोळशाची बारीक भुकटी दिसली. दीड लिटर नायट्रोजन आणि एक रविवार गेला.

१२ जानेवारी

पाइपच्या तोंडात स्टीलच्या बारीक जाळीची गुंडाळी दाबून बसवली. पाइप विजेच्या शेगडीवर ठेवून, पंप चालू ठेवून, तीन तास अडीचशे अंशांच्या आसपास तापवला. पहिला तासभर गेज दोन हजारांवर होता, मग उतरत गेला. थंड झाल्यावर ३८.

मग पंपाचा व्हॉल्व बंद केला, ईएचटीवर पाचशे व्होल्ट ठेवले आणि उजेड पेटू दिला. पाइप थर्मासमध्ये हळूहळू सोडला. (थर्मासचं झाकण कधीही लावायचं नाही, खोलीची दोन्ही दारं उघडी.) नायट्रोजन खळाळला, शांत झाला. गेजचा आकडा त्याच्या मोजण्यापलीकडे गेला, त्यामुळे तो आता निरुपयोगी. पण उजेड सांगत होता. आधी गुलाबी रंग फिका पडला, नळीच्या मध्यातून सरकत वरच्या प्लेटकडे गेला, लुकलुकला आणि विझला. व्होल्टेज वाढवला. एक केव्ही, दोन, तीन. काळोखच. ३.१ केव्हीला पहिल्यांदा दोन चकत्यांच्या बरोबर मध्ये निळसर-पांढरा ठिपका चमकला. फट तिथे होती, ठिणगीही तिथेच पडली.

त्याच ठिणगीने मल्टिमीटर गेला. ३५० रुपये. आता खालच्या रोधाला टेस्टरमधला निऑन समांतर लावला आहे, झटका आला की तो आपल्या अंगावर घेतो.

एक धोका नोंदवून ठेवतो. कोळसा थंड असताना त्यात बाहेरची हवा अजिबात जाऊ देऊ नका. हवेतला ऑक्सिजन थंड कोळशावर द्रव होऊन बसतो आणि कोळसा व द्रव ऑक्सिजन मिळून स्फोटक होतं. आधी गळती पक्की तपासा, मगच नायट्रोजन. काम झाल्यावर पाइप आपोआप गरम होऊ द्या, तोवर काही उघडू नका.

१९ जानेवारी

फटीबद्दल. हवेत फिलर गेजने ०.२ मिमी लावून झाकण बसवलं आणि व्हॅक्यूम मारला की चकत्या एकमेकींना टेकायच्या. प्लेटवर हवेचा भार जवळजवळ ऐंशी किलो येतो आणि ओ-रिंग तेवढी दबते. उपाय सोपा निघाला. वरच्या दांड्याला एम-६ चे आटे आहेत, एका फेऱ्याला एक मिमी. त्यावर शंभर भागांची पुठ्ठ्याची तबकडी लावली. निर्वात पूर्ण झाल्यावर, ईएचटी काढून अर्थ करून, मीटर बीपवर ठेवून चकत्या टेकवायच्या, बीप थांबली की तिथून वीस भाग मागे. हवेचा दाब दांडा कायम आत ढकलतो, त्यामुळे आट्यांचा ढिलेपणाही एकाच बाजूला राहतो.

दुसरी गोष्ट महागात पडली. मीटरचा आकडा थरथरतो म्हणून मी ईएचटीला २ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर जोडला. फट ०.२ मिमी. ठिणग्यांगणिक व्होल्टेज वाढायला हवा होता. वाढला, ६.८ पर्यंत. मग एक मोठी ठिणगी पडली, तिचा उजेड भिंतीवर दिसला. त्यानंतर ३.५ च्या वर काही चढेना.

चकत्या काढून वनस्पतिशास्त्राच्या मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. कॅथोडवर (ऋण चकतीवर) खोल खळगा, त्याच्या काठाला वितळलेल्या स्टीलची दातेरी कड उभी. एवढ्याशा कॅपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा एका ठिपक्यात रिकामी झाली आणि तिने नवीन टोकं तयार केली. टोकांपाशी विद्युतक्षेत्र कित्येक पटींनी वाढतं आणि गार धातूतूनही इलेक्ट्रॉन ओढून काढतं. याचं गणित फाउलर आणि नॉर्डहाइमने १९२८ मध्ये मांडलं. मला ते पाठ होतं, पण ती कड डोळ्यांनी पाहिली तेव्हा अर्थ पोचला. छोटी ठिणगी टोक जाळून सपाट करते, मोठी ठिणगी नवं टोक उभं करते. फरक फक्त तिच्यात किती ऊर्जा आहे याचा.

कॅपॅसिटर काढला. ईएचटी आणि वरची प्लेट यांच्यामध्ये २० मेगाओहमचा रोध घातला.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि बसलो. आठवडाभर रोज रात्री चकत्या घासल्या : ४०० चा वॉटर पेपर, ८००, १०००, २०००, दर वेळी दिशा काटकोनात बदलून. एकदा चकाकी आणायला पितळेची पॉलिश लावली होती. तिचे कण धातूत रुततात, म्हणून पुन्हा २००० वर गेलो. शेवटचं स्पिरिट लावल्यावर पुसायचं नाही, ही शिस्त घालून घेतली. कापूस तर नाहीच, धुतलेलं मलमलही नाही. चकती उभी धरून निथळू द्यायची आणि ओली असतानाच आत बसवायची.

फट ०.२ मिमी, कोळसा थंड. आजचे आकडे वहीतून जसेच्या तसे : पहिली ठिणगी ३.४ केव्ही, दहावी ४.६, तिसावी ६.९, साठावी ८.२. पुढे शंभरपर्यंत ८ आणि ८.८ च्या मध्येच घुटमळली. प्रत्येक ठिणगीनंतर अर्धा मिनिट थांबून व्होल्टेज हळू चढवायचा. घाई केली की मागे येतो.

हवेत हीच फट १.३ केव्हीला तुटते. तेही आज झाकण उघडून पुन्हा मोजून पाहिलं.

२ फेब्रुवारी

मागच्या वेळी उघडलं होतं, त्यामुळे आज पहिली ठिणगी ५.१ ला पडली. पण दहा-बारा ठिणग्यांत ८ गाठले. हवेने पृष्ठभागावर जे बसवलं ते लवकर निघतं, घासून जे कमावलं ते जात नाही. ०.१ मिमी फटीला ४.७ मिळाले. ०.३ ला ११.६ पर्यंत ठिणगी पडली नाही, तिथे मी थांबलो.

मग ज्यासाठी एवढे दिवस घातले ते केलं. एका चकतीवर सुईने जाणूनबुजून एक ओरखडा काढला. ती खाली, म्हणजे ऋण बाजूला ठेवली : पहिल्या दहा ठिणग्या ३ ते ३.८ केव्हीत. पुन्हा घासून, नवा तसाच ओरखडा काढून ती वर, धन बाजूला ठेवली : पहिल्या दहा ५ ते ६.२. फट तीच, निर्वात तोच. हवेचा यात काही भागच उरलेला नाही. ऋण बाजूच्या धातूची कातडी कशी आहे, यावर सगळं ठरतंय. उपकेंद्रातल्या बाटलीत काँटॅक्ट तांबे-क्रोमियमचे का असतात आणि बाटली कारखान्यातच कायमची बंद का करतात, याचं उत्तर मी भावाला आता ही चकती हातात देऊन सांगू शकतो.

१६ फेब्रुवारी

पंप उद्या परत द्यायचा आहे, मेकॅनिक भाऊची सर्व्हिसिंगची कामं सुरू झाली. एकूण खर्च १२,२१० रुपये, नागपूरच्या तीन फेऱ्यांचं भाडं वेगळं. त्यातले तेलाच्या दिवसाचे, मल्टिमीटरचे आणि पितळी चकत्यांचे पैसे वाचले असते. वेळ चार महिने, त्यात खरी मोजणी झाली ती तीन रविवार.

आज लाइनमन चुलतभावाला बोलावलं. फट ०.२ मिमी, ठिणग्यांची तयारी करून व्होल्टेज ७.८ वर ठेवला आणि तिथेच सोडला. तो दोन मीटरवर बसला, मीटरकडे बघत. पंधरा मिनिटं एकही ठिणगी नाही. मग लाइट गेली. मी उठून आधी पंपाचा व्हॉल्व पाहिला, तो बंदच होता. ईएचटी बॅटरीवर आहे. पंप थांबला, खोली गप्प झाली, मीटरवर ७.८ तसेच.

"पंप बंद हाये तरी?" त्याने विचारलं.

"तुझ्या बाटलीला कुठे पंप असतो?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. चार वाजून गेले तसा थर्मासमधला नायट्रोजन संपत आला. पाइपवर दव गोठून पांढरं झालं होतं, ते वरून ओलं व्हायला लागलं. चार चाळीसला वरच्या प्लेटच्या कडेला फिका जांभळा उजेड दिसला, नखाएवढा. तो काचेला धरून खाली उतरत गेला, गुलाबी झाला, नळी भरली आणि मीटरचा आकडा ७.८ वरून ०.५ वर आला. चकत्यांच्या मधली फट तेव्हाही काळीच होती.